फळ्यावर नसलेली तारीख

काउंटरमागे भिंतभर काळा फळा आणि त्यावर रंगीत खडूनं लिहिलेली चोवीस नावं. प्रत्येक नावाखाली बिअरचा प्रकार, मद्यांश, कडूपणाचा आकडा, वापरलेल्या हॉप्सची, म्हणजे कडूपणा नि सुगंध देणाऱ्या फुलांची, नावं. नवख्या शहरात संध्याकाळ मोकळी मिळालेला कुणी प्रवासी त्या फळ्याकडे बराच वेळ बघत राहतो आणि शेवटी विचारतो, "यातली ताजी कुठली?" काउंटरमागचा मुलगा हसून म्हणतो, "सगळ्या ताज्याच आहेत." प्रसंग एवढाच, कुठल्याही शहरात रोज घडणारा. पण त्या उत्तरातलं काहीतरी खुपत राहतं. भाजीवाल्याला भाजी ताजी आहे का विचारलं तर तो दुसरं काय सांगणार? तरी भाजी निदान डोळ्यांना दिसते, देठ मोडून बघता येतो. बिअर असते नळीच्या पलीकडच्या टोकाला, थंड खोलीत, केग नावाच्या बंद पिंपात. मुलगा खोटं बोलत नाही, बहुतेक वेळा त्याला ठाऊकच नसतं. फळ्यावर मद्यांश दशांश चिन्हापर्यंत असतो, कडूपणा आयबीयू या एककात मोजलेला असतो, हॉप्स कुठल्या देशातले तेही असतं. नसते ती तारीख. ही बिअर तयार केव्हा झाली आणि या नळाला लागली केव्हा, हे कुणी लिहीत नाही.

परक्या गावात चांगली ब्रूअरी, म्हणजे बिअर बनवणारी जागा, शोधायची तर ही न लिहिलेली तारीख बाकीच्या खुणांवरून वाचता आली पाहिजे, असं माझं मत आहे.

कारण बिअरला दोन ठिकाणी थांबावं लागतं आणि त्यातलं एकच थांबणं तिच्या भल्याचं असतं. टाकीतलं थांबणं चांगलं. एल या प्रकारची बिअर १८ ते २२ अंश सेल्सिअसवर आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत प्यायला तयार होते. लागर हा दुसरा प्रकार ८ ते १३ अंशांवर सावकाश आंबतो, मग शून्याच्या आसपास काही आठवडे मुरतो. लागरला पाच-सहा आठवडे तरी द्यावे लागतात, आणि तेवढ्यात त्याच टाकीतून दोन एल निघाल्या असत्या. म्हणून लहान ब्रूपबच्या, म्हणजे बिअर जागीच बनवून विकणाऱ्या बारच्या, यादीत नीट जमलेली लागर दिसली की मालकाला धीर आहे असं खुशाल समजावं. केगमध्ये भरल्यानंतरचं थांबणं मात्र बहुतेक बिअरला मानवत नाही. ब्रूइंगच्या धंद्यात एक ढोबळ हिशोब सांगतात: ३२ अंशांवरचे ३ दिवस, २२ अंशांवरचे ३० दिवस आणि ३ अंशांवरचे ३०० दिवस बिअरला जवळपास सारखंच म्हातारं करतात. हॉप्सचा सुगंध सगळ्यात आधी उडतो. म्हणून गढूळ, फळांच्या वासाची आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेली एल, महिन्या-दीड महिन्यात संपवावी, तीही थंड राहिली असेल तर. अपवाद आहेतच. जोरकस, काळी इम्पीरियल स्टाउट, बार्ली वाइन, लाकडात ठेवलेल्या आंबट बिअर वर्षानुवर्षं टिकतात, काही तर त्यानंच सुधारतात. पण रोजच्या पाच टक्क्यांच्या बिअरला वय शोभत नाही.

आता थोडं गणित. लहान ब्रूपबमध्ये एका घाण्याला, म्हणजे एका खेपेला, पाचशे लिटर बिअर निघते असं धरू. तळाचा गाळ, नळ्यांतलं नुकसान वजा जाता साडेचारशे लिटर विकायला उरते, म्हणजे चारशे मिलीचे अकराशेच्या वर ग्लास. जागा दिवसाला दोनशे ग्लास विकते आणि स्वतःच्या सहा बिअर लावते, तर प्रत्येकीचे दिवसाला तेहेतीस ग्लास जातात आणि घाणा पाचेक आठवड्यांत संपतो. ठीक आहे. त्याच जागेनं हौसेनं सोळा बिअर लावल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला बाराच ग्लास येतात आणि तोच घाणा तीन महिने पुरतो. खरं तर पुरतो म्हणण्यापेक्षा रेंगाळतो. शिवाय विक्री अशी समान वाटली जात नाही. दोन-तीन बिअर धावतात, उरलेल्या कोपऱ्यात बसून राहतात. बाहेरच्या ब्रूअऱ्यांचे वीस-तीस लिटरचे केग आणून लावणाऱ्या बारचा हिशोब वेगळा आहे. तीस लिटरचा केग दिवसाला बारा ग्लासांनीही आठवड्याच्या आत रिकामा होतो, पण तिथे येण्यापूर्वी तो कुठल्या गोदामात, किती उन्हात पडून होता हा प्रश्न शिल्लक राहतोच.

म्हणून चोवीस नळ पाहून हरखून जाऊ नये.

शोध प्रवासाच्या आधी, घरी बसूनच सुरू होतो. नकाशावर 'ब्रूअरी' टाकलं की मोठ्या कंपनीचा कारखाना, दारूचं दुकान, नावात ब्रूअरी असलेलं पण एक थेंबही न बनवणारं रेस्टॉरंट आणि खरी ब्रूअरी हे सगळं एकाच पिनेनं टोचलेलं दिसतं. त्यातून निवडताना ताऱ्यांपेक्षा फोटो जास्त कामाचे. लोकांनी गेल्या महिन्यात टाकलेल्या फोटोत फळा दिसतो का ते पाहावं. दोन महिन्यांपूर्वीच्या फोटोतल्या फळ्याशी ताडून बघावा. काहीच बदललेलं नसेल तर एक तर तो फळा छापील आहे किंवा बिअर हलत नाहीये. बिअर नोंदवण्याच्या अ‍ॅपवरचे गुण वाचताना आणखी सावध राहावं. २०१० साली सुरू झालेलं अनटॅप्ड असो की दुसरं कुठलं, तिथे दहा टक्क्यांची चॉकलेटी स्टाउट आणि घट्ट आयपीए सहज वर जातात, आणि पावणेपाच टक्क्यांची निर्दोष पिल्सनर, म्हणजे फिकट लागर, पाचपैकी साडेतीनच्या आसपास घुटमळते. त्यामुळे एका जागेची सरासरी दुसरीच्या सरासरीशी जोडून काही कळत नाही. त्याच शहरातल्या दोन ब्रूअऱ्यांच्या दोन पिल्सनर शेजारी ठेवून बघाव्यात, आणि त्याही गेल्या काही आठवड्यांतल्या नोंदी. ब्रूअरी स्वतः काय लिहिते तेही बघावं. "गुरुवारी नवा घाणा टॅपवर" असं सांगणारी जागा सूर्यास्ताचे आणि बर्गरचे फोटो टाकणाऱ्या जागेपेक्षा जास्त भरवशाची. आठवड्याची सुट्टी कधी ते फोन करून विचारून घ्यावं, बऱ्याच लहान जागा सोमवारी बंद असतात.

आत शिरल्यावर पहिलं काम नाकाचं. घाणा चालू असेल त्या दिवशी उकडत्या धान्याचा गोडसर वास दारापर्यंत येतो, काही तासांनी त्यात हॉप्सचा हिरवा, राळेसारखा वास मिसळतो. मग नजर खाली जाऊ द्यावी. काचेमागची तांब्याची चकचकीत भांडी सजावटही असू शकतात, जमीन मात्र सहसा नाटक करत नाही. उताराची ओली फरशी, मधोमध पन्हळ, गुंडाळून ठेवलेले जाड पाइप, एका कोपऱ्यात माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, पोती, दुसऱ्या कोपऱ्यात चोथ्याचे पिंप, हे दिसलं की इथे काम होतं. एखाद्या उंच निमुळत्या टाकीतून नळी निघून खालच्या बादलीत बुडबुडे सोडत असेल तर तिथे या घडीला यीस्ट साखर खातंय. आणि बऱ्याचदा फळ्यावर नसलेली तारीख इथेच सापडते! टाकीच्या पोटावर चिकटपट्टी किंवा लहान पाटी असते, तिच्यावर घाण्याचा क्रमांक, दिवस आणि घनतेचे आकडे पेनानं लिहिलेले. समजा, सुरुवातीला १.०४८ आणि आता १.०११. दोन्हींतल्या फरकाला १३१ नं गुणलं की मद्यांश निघतो, इथे पावणेपाच टक्क्यांच्या थोडा वर. आकडा तीन-चार दिवस हलला नसेल तर आंबणं संपलंय. काचेला नाक लावून हे वाचणाऱ्या पाहुण्याला आतला ब्रूअर हाकलून देत नाही, उलट बाहेर येऊन बोलतो असाच अनुभव सांगितला जातो.

काही ठिकाणी टाक्याच नसतात, बिअर दुसऱ्याच्या कारखान्यात करून घेतलेली असते. त्यात गैर काही नाही, फक्त "इथेच बनवतो" असं म्हणू नये. लहान, बंडखोर भासणारं नाव मोठ्या कंपनीच्या मालकीचं असणंही नवं नाही. शिकागोची गूस आयलंड २०११ मध्येच विकली गेली. मालक कोण हे जिभेला कळत नाही, तेव्हा त्यावर फार वेळ घालवू नये.

वेळ निवडण्यात बरंच काही आहे. रात्रभर नळीत उभी राहिलेली बिअर सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या ग्लासात येते. नळाजवळच केग असेल आणि मधली नळी पाच मिलिमीटरच्या आतबाहेर असेल तर मीटरमागे वीसेक मिली बिअर तिच्यात मावते, म्हणजे पहिल्या ग्लासातच ती निघून जाते. पण थंड खोली वीस मीटर लांब आणि नळी दहा मिलिमीटरची असेल तर तिच्यात दीड लिटर शिळी बिअर असते. चांगले लोक ती ओतून टाकतात. सगळेच टाकत नाहीत. म्हणून दार उघडताच पहिलं जाऊ नये आणि शनिवारी रात्री ऐन गर्दीतही जाऊ नये. मधल्या वारी दुपारी चार-साडेचारची वेळ उत्तम. नळ वाहते झालेले असतात, काउंटरमागच्याला बोलायला सवड असते, आणि त्या दिवशी घाणा टाकला असेल तर ब्रूअर भांडी धुऊन स्वतःचा ग्लास भरायला तेव्हाच बाहेर येतो.

पहिला ग्लास जागेच्या सगळ्यात साध्या, फिकट बिअरचा घ्यावा. पिल्सनर, हेलेस, ब्लाँड, जे असेल ते. आंबा, कॉफी, व्हॅनिला यांच्या मागे बरंच काही लपतं, फिकट बिअरमध्ये लपायला जागा नसते. तोंडात लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आला तर डायअसिटिल आहे, म्हणजे आंबणं संपत आल्यावर तापमान थोडं वाढवून यीस्टला ते परत शोषून घ्यायला दोन-तीन दिवस द्यायला हवे होते, ते दिले नाहीत. हिरव्या सफरचंदाचा वास येणं म्हणजे बिअर कच्ची आहे, टाकीतून घाईनं काढलेली. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास येतो तो उकळी मंद राहिल्यानं किंवा उकळलेला रस गार करायला फार वेळ लागल्यानं. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे ऑक्सिजन लागलेला, वय झालेलं. दवाखान्यातल्या पट्टीचा वास पाण्यातलं क्लोरीन न काढल्याचा किंवा रानटी यीस्ट शिरल्याचा. आणि गव्हाच्या जर्मन बिअरला केळ्याचा नि लवंगेचा वास आला तर तक्रार करू नये, तो तिचा धर्म आहे.

दोष कुणाचा, बनवणाऱ्याचा की वाढणाऱ्याचा, हे ओळखणं जरा अवघड. आंबट किंवा लोण्यासारखी चव घाणेरड्या नळीतूनही येते, कारण तिथे जीवाणू घर करतात. नळ्या दर चौदा दिवसांनी कॉस्टिकनं धुवाव्यात, तोट्या उघडून साफ कराव्यात अशी शिफारस आहे. ती पाळायला एक माणूस आणि काही तास लागतात, शिवाय नळ्यांतल्या बिअरवर पाणी सोडावं लागतं, म्हणून ती टाळली जाते. चार वेगवेगळ्या बिअरना तोच एक आंबुस शेवट येत असेल तर नळ्या दोषी. एकाच बिअरमध्ये असेल आणि तीच बिअर कॅनमधूनही तशीच लागत असेल, तर ब्रूअर दोषी. ग्लासही बोलतो. बाजूच्या भिंतीला आतून बुडबुडे चिकटले असतील तर काचेवर तेलकट थर आहे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे तळातून सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटानंतर फेसाचं एक कडं मागे राहतं. फ्रीझरमधून काढलेला बर्फाळ ग्लास देत असतील तर नको म्हणावं. जीभ बधिर होते, फेस उसळतो आणि वितळलेलं पाणी बिअरमध्ये जातं. दोन बोटं फेस मात्र मागूनच घ्यावा. फेस म्हणजे फसवणूक समजून काठोकाठ भरून मागणारे लोक बिअरचा अर्धा सुगंध गमावतात.

पाच-सहा लहान ग्लासांची लाकडी फळी मागवायची की एकच मोठा ग्लास, यावर जाणकारांतही भांडणं आहेत. फळीनं ओळख होते, निकाल लागत नाही. १२० मिलीची बिअर पाचव्या ग्लासापर्यंत पोचेतो कोमट होते, फेस बसतो, आणि लागरची सगळी मजा तर तिसऱ्या-चौथ्या मोठ्या घोटानंतर सुरू होते. फळी घ्यायचीच तर फिकटाकडून गडदाकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे जावं. आंबट आणि दहा टक्क्यांच्या बिअर शेवटी, नाही तर पुढच्या सगळ्या पाणचट लागतात. हिशोब ठेवावा. १२० मिलीचे पाच ग्लास म्हणजे ६०० मिली, सरासरी पाच टक्के धरले तर ३० मिली शुद्ध मद्य, वजनानं चोवीसेक ग्रॅम. यकृत तासाला साधारण आठ-दहा ग्रॅम हाताळतं. म्हणजे एका फळीला अडीच-तीन तास. एका संध्याकाळी दोन जागा पुष्कळ झाल्या, तिसऱ्या जागेबद्दलचं मत जिभेचं नसतं. बिअरइतकंच पाणी प्यावं आणि गाडी दुसऱ्या कुणाच्या हाती असावी.

विचारण्याचीही रीत आहे. "सगळ्यात चांगली कुठली?" याचं उत्तर सगळ्यात महाग किंवा सगळ्यात खपणारी, यापलीकडे जात नाही. "ताजी कुठली?" याचं उत्तर वर आलंच. त्याऐवजी विचारावं: या आठवड्यात कुठला केग लावला? काल सगळ्यात जास्त कुठली गेली? पाळी संपल्यावर तुम्ही स्वतः काय घेता? या प्रश्नांना ठरलेलं उत्तर नसतं, म्हणून खरं येतं. आणि निघताना एक शेवटचा: तुमच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही कुठे पिता? ब्रूअर लोक एकमेकांच्या बिअर पितात, एकमेकांकडून यीस्ट उसनं नेतात, कुणाच्या टाकीत काय बिघडलं हे त्यांना ठाऊक असतं. जे नाव दोन वेगवेगळ्या काउंटरवरून येतं, तिथे जावं. घरी बिअर बनवणाऱ्यांना माल्ट आणि यीस्ट विकणारं दुकान शहरात असेल तर तिथली माहिती आणखी निर्भीड, कारण तिथल्या माणसाला एकही ग्लास विकायचा नसतो.

काही शहरांत मात्र शोधायचं काय ते शहरानंच ठरवून ठेवलेलं असतं. जर्मनीतल्या कोलोनमध्ये १९८६ च्या करारानं क्योल्श, म्हणजे तिथली फिकट बिअर, कुणाला म्हणायचं ते बांधून घेतलं, आणि ती २०० मिलीच्या सडपातळ ग्लासात येते, कोमट व्हायच्या आत संपावी म्हणून. जर्मनीतल्याच बांबर्गला धुरावलेल्या माल्टची बिअर. ब्रसेल्सच्या आसपास लांबिक या आंबट बिअरचा रस हिवाळ्यातल्या थंड रात्री उघड्या पसरट भांड्यात हवेतल्या यीस्टसाठी सोडून देतात आणि मग एक ते तीन वर्षं लाकडात ठेवतात, त्यामुळे उन्हाळ्यात गेलेल्याला ते भांडं कोरडंच दिसतं. इंग्लंडमधली पिंपातली एल ११ ते १३ अंशांवर, हातपंपानं ओढून देतात. पिंप उघडलं की आत हवा शिरते आणि तीनेक दिवसांत ते संपवावं लागतं. फर्किन नावाच्या लहान पिंपात ७२ पाइंट (एक पाइंट अर्ध्या लिटरहून थोडा मोठा) असतात, म्हणजे दिवसाला चोवीस पाइंट खपणार नसतील तर ते उघडूच नये, हे तिथला चांगला पबवाला तोंडपाठ जाणतो. रिकाम्या पबमध्ये सहा हातपंप ओळीनं उभे दिसले की दोनच लावलेला शेजारचा पब गाठावा. अशा शहरांत जाऊन गढूळ आयपीए मागणं मला तरी करंटेपणाचं वाटतं. पण हल्ली आयपीए तिथेही मिळते आणि चांगली मिळते. क्योल्श आणि आंबट गोझ दुसऱ्या खंडातल्या फळ्यावर दिसतात. इतकं सगळं सगळीकडे मिळू लागल्याचा आनंद होतो, आणि मग इतक्या लांब कशाला आलो असंही मनात येतं. स्थानिक पाण्याच्या गोष्टीही जपून ऐकाव्यात. १८४२ मध्ये योझेफ ग्रोल या ब्रूअरनं आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेनला पहिली पिल्सनर केली ती तिथल्या मऊ पाण्यात, इंग्लंडमधल्या बर्टनच्या कडक एलमागे तिथलं जिप्समयुक्त पाणी होतं, हे खरंच. आज मात्र बऱ्याच ब्रूअऱ्या पाणी गाळून त्यातले क्षार काढतात आणि हवे तेवढे मोजून परत घालतात. पाणी जगात कुठलंही करता येतं. हात मात्र ज्याचा त्याचा.

बरोबर न्यायची असेल तर नळावरून भरलेली मोठी काचेची बाटली न्यायचा मोह होतो. ग्राउलर म्हणतात तिला, जवळपास दोन लिटरची. भरताना तिच्यात हवा जातेच, म्हणून ती बंद असताना दोन-तीन दिवस आणि उघडल्यावर एकच संध्याकाळ धरावी. लांबच्या प्रवासाला कारखान्यात सील केलेला कॅन बरा. तोही उन्हात तापलेल्या गाडीत ठेवला तर वरचा ३२ अंशांचा हिशोब लागू होतोच.

तीन संध्याकाळ हाताशी असतील तर दोन नव्या जागांना द्याव्यात आणि तिसरी त्या दोघींतल्या बऱ्या जागेला. तिथे नवं काही न मागता पहिल्या दिवशीचीच बिअर मागवावी, शक्यतो दुसऱ्या वेळी, दुसऱ्या वाढणाऱ्याकडून. एखादा घाणा नशिबानंही जमतो. केग बदलला, माणूस बदलला आणि तरी ग्लासात तेच आलं, तर ब्रूअरचं नाव विचारून घ्यावं, कारण हे लोक नोकऱ्या बदलतात आणि पुढच्या खेपेला कदाचित दुसऱ्याच दारात शोधावे लागतात.